खळं तापलं काय?

माझं बूड एका जागी टिकत नाही, असं आई लहानपणापासून सांगत आली आहे, आणि ते खरं आहे. पंगतीत वाढायला मी पहिली आणि जेवून उठायलाही पहिली. अशा बाईच्या नशिबी खुर्चीची नोकरी यावी ही देवाची थट्टाच म्हणायची. कामणच्या एका गोदामात मी बिलं करते. बाहेर ट्रक लागतात, रिकामे होतात, निघून जातात. मी मात्र सकाळी टेबलाला चिकटते ती संध्याकाळी सुटते. हालायची सोय नाही म्हटल्यावर बसल्या जागी चुळबुळ चालते. उजवा पाय डाव्यावर, मग डावा उजव्यावर, मग एक पाय दुमडून खुर्चीवर आणि त्याच्यावर मी.

मागच्या पावसाळ्याच्या शेवटी उजव्या पायाला मुंग्या यायला लागल्या. मुंग्या काय, सगळ्यांनाच येतात. पाय झटकला, दोन पावलं चाललं की जातात. या जाईनात. नडगीच्या बाहेरच्या अंगाने खाली उतरून पावलाच्या वरच्या भागावर त्यांनी ठाणच मांडलं. पुढे तिथली चामडी परक्याची असल्यासारखी वाटायला लागली. एकदा स्कूटरवरून उतरून मी जिना चढून दारापर्यंत आले तेव्हा शेजारीण म्हणाली, "एक चप्पल कुठे गेली हो?" ती जिन्यात पडली होती आणि मला पत्ता नव्हता.

मी घाबरले. घाबरले की मी फोनवर वाचते, आणि वाचलं की आणखी घाबरते. मणक्यापासून मेंदूपर्यंत सगळे रोग मला झाले. गोदामातल्या एकाने घोट्याला काळा दोरा बांधायला सांगितला, दुसरीने तिळाचं तेल. मी दोन्ही केलं. तेलाने दोरा बुळबुळीत झाला, एवढाच काय तो फरक पडला.

शेवटी विरारच्या एका डॉक्टरबाईंकडे गेले. नसांच्याच डॉक्टर. त्यांनी मला डोळे मिटायला सांगितले आणि एका दांडीला लावलेला जाडसर पारदर्शक धागा पायाला टेकवत गेल्या. टेकवायचा, धागा वाकेपर्यंत दाबायचा, उचलायचा. "कळलं की हो म्हणा." मी हो म्हणत गेले. मध्ये बराच वेळ काही झालं नाही म्हणून डोळे उघडून पाहिलं, तर धागा नडगीवर चांगला वाकलेला होता. मग त्यांनी एक लोखंडी चिमटा टेबलावर आपटून घोट्याला लावला. त्याची झिणझिण मात्र नीट कळली.

"ऑफिसात बसता कशा?" त्यांनी विचारलं.

"सरळच बसते की," मी म्हणाले.

त्या माझ्या पायांकडे बघत राहिल्या. मीही बघितलं. उजवा पाय डाव्यावर चढवून मी बसले होते, आणि वर तो हलवतही होते.

गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला हाडाची एक गाठ लागते, तिच्या खालून एक नस अगदी कातडीलगत जाते. पायावर पाय टाकला, नाहीतर पाय दुमडून त्याच्यावर बसलं, की ती चेपते. मी वर्षानुवर्षं तिच्यावर बसत होते. "सवय मोडा, मधूनमधून उठा, चाला. बहुतेक नस सुधारेल, वेळ लागेल," डॉक्टर म्हणाल्या. तरी साखर, जीवनसत्त्व, थायरॉइड बघून घेऊ म्हणाल्या, कारण मुंग्यांच्या मागे काय काय असतं ते नुसतं बघून कळत नाही. एका पायाला, एका पट्ट्यात येणाऱ्या मुंग्या वेगळ्या आणि दोन्ही पावलांना बोटांपासून सुरू होऊन मोज्यासारख्या वर चढणाऱ्या वेगळ्या. आणि अचानक अर्धं अंग बधिर झालं, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, तर दोरा आणि तेल न शोधता थेट हॉस्पिटल गाठायचं. हे सांगताना त्यांनी माझ्या घोट्याकडे पाहिलं. माझे सगळे रिपोर्ट चांगले आले.

सुटका झाल्याच्या आनंदात मी रविवारी अर्नाळ्याला आईकडे गेले. वडील गेल्यापासून ती एकटीच असते. घरामागे आमचं खळं आहे, मासळी सुकवायची जागा. पूर्वी शेणाने सारवायचे, आता सिमेंटचा कोबा आहे. मौसमात आई होड्यांवरून जवळा घेते आणि खळ्यावर पसरून सुकवते. शेजारच्या मावशीचं आणि आणखी दोघीतिघींचं खळं आमच्याला लागूनच.

या खळ्याचे दोन नियम. पहिला, खळ्यावर चप्पल चढत नाही. ज्यावर अन्न पसरायचं त्यावर पायताण घेऊन कोण जाईल? आई आधी वाकून कोब्याला हात लावते, तो कपाळाला लावते आणि मग पाय ठेवते. दुसरा नियम आईचा पाय. थंडीच्या दिवसांत कोब्यावर दंव असतं. जमीन पुरती तापायच्या आत ओला जवळा टाकला तर तो खालून घामेजतो, चिकटतो आणि काळा पडून वास मारतो. जास्त थांबलं तर टोपलीतच कुबट होतो. म्हणून सगळ्या बाया टोपल्या भरून थांबायच्या, मावशी हाक मारायची, "तापलं काय गो?" आणि आई तळवा टेकवून बघायची. ती "टाका" म्हणाली की सगळ्यांच्या टोपल्या एकदम उपड्या. ती "थांबा" म्हणाली तर बोटीवाल्याच्या बापाची टाप नव्हती.

त्याच पायाचं दुसरं कौतुक उन्हाळ्यातलं. वैशाखात भर दुपारी त्या कोब्यावर उभी राहून आई निवांत गप्पा मारायची. आम्ही पोरं कडेवरून बघायचो. "हिच्या तलव्याला चटका नाय," बाया म्हणायच्या. अलीकडे तर ती अर्धा अर्धा तास उभी राहायची आणि कौतुकही वाढलं होतं. माझ्या सासरी, घाटावरच्या माणसांत, मी हे छाती फुगवून सांगत असे. आमच्या आईचा पाय म्हणजे कोबाच!

तर त्या रविवारी मी पोचले तेव्हा आई फुरंगटून बसली होती. त्या आठवड्यात सगळ्यांचा जवळा गेला होता. चिकटून काळा पडलेला माल खरवडून खताला टाकावा लागला होता. "दव लय पडतंय अवंदा," आई म्हणाली आणि विषय संपवला.

तिची कळी खुलावी म्हणून मी माझ्या डॉक्टरचं सोंग आणलं. दोरा, तेल, टेबलावर आपटलेला चिमटा, पायावर पाय टाकून "सरळच बसते" म्हणणारी मी. आई पदर तोंडाला लावून हसायला लागली. मग मला तो धागा आठवला. तो डॉक्टरचा धागा म्हणजे दुसरं काही नाही, गळाची तंगूसच! वडिलांचा गळाचा डबा फळीवर होता. त्यातून मी तंगुशीचा जाडसा तुकडा कापून काडीला बांधला. "डोळे मिट. कळलं की हां म्हण."

आईने पाय पुढे केला. मी तळव्याला तंगूस टेकवली.

"हां," आई म्हणाली.

पुन्हा टेकवली. "हां." टाचेला. "हां." अंगठ्याला. "हां."

मग मला खोडसाळपणा सुचला. मी तंगूस हवेतच धरून ठेवली.

"हां," आई म्हणाली.

मी हसले. पुन्हा टेकवली नाही. "हां." थोडं थांबून, "हां." पूजेतल्या आरतीला टाळ्या पडाव्यात तशी ती ठेक्यात हां म्हणत होती, आणि मी लावतच नव्हते. माझं हसू कुठल्या कुठे पळालं. आता मी तंगूस वाकेपर्यंत बोटाच्या बेचक्यात दाबली आणि मुद्दाम विचारलं, "आता कुठे लावलीय?"

आईने डोळे मिटूनच सांगितलं, "टाचंला."

मी तिचं पाऊल हातात घेऊन उजेडाकडे वळवलं. टाचेच्या कडेला एक काळा ठिपका होता, भोवतीची कातडी पांढरी आणि फुगलेली. जवळून पाहिलं तर ते शिंगाळा माशाच्या काट्याचं टोक होतं. शिंगाळ्याचा काटा काय असतो ते कोळीवाड्यातल्या माणसाला सांगायला नको. तो लागला की बोटीवरचा बाप्या माणूस आईच्या नावाने बोंबलतो. माझ्या आईच्या टाचेत तो किती दिवस होता देव जाणे, आणि ती त्याच्यावर उभी राहून मला चहा करून देत होती.

"आये, दुखत नाही?"

तिने पाय ओढून घेतला आणि साडीखाली झाकला. "तुज्या डाक्टरचं खूल माज्या डोक्यावर कशाला? मना काय बी नाय झालं."

मला रडू फुटलं. रडू आलं की मी ओरडते, तशी ओरडलेच. काटा मी स्वतः उपटणार होते, पण तेवढी अक्कल सुचली की आत मोडला तर नसती आफत. दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून तिला स्कूटरवर बसवलं आणि विरारला नेलं.

साखर इतकी वाढली होती की डॉक्टरबाईंनी कागद पुन्हा एकदा वाचला. दोन्ही पावलं घोट्यापर्यंत बधिर होती. त्यांनी मला मोज्यासारख्या चढणाऱ्या मुंग्या सांगितल्या होत्या, त्या माझ्या आईला कधीच चढून गेल्या होत्या. सर्जनने काटा काढला. आत पू होता. हाडापर्यंत पोचला नव्हता म्हणून पाऊल वाचलं, असं ते म्हणाले, आणि मी तिथल्या बाकावर बसून घेतलं, दोन्ही पाय जमिनीवर सरळ ठेवून.

"नसा परत येतील ना?" मी डॉक्टरबाईंना विचारलं.

"साखर ताब्यात आली तर आहे ते टिकेल. गेलेलं सगळं परत येईल असं खोटं सांगत नाही." मग त्या आईकडे वळल्या. "आजी, तुमचा पाय आता ओरडत नाही. म्हणून रोज संध्याकाळी डोळ्यांनी बघायचा, तळवा आरशात बघायचा. आंघोळीचं पाणी कोपराने बघायचं. विटेचा, मिठाचा शेक बंद. आणि अनवाणी एक पाऊल टाकायचं नाही. घरातसुद्धा."

"खल्यावर?" आईने विचारलं.

"कुठेच नाही."

"खल्यावर चप्पल चालत नाय," आई म्हणाली. एवढ्या सगळ्यातून तिला तेवढंच ऐकू आलं होतं.

टाचेला पट्टी बांधून तिला घरी बसवलं आणि तिथून माझ्या जिवाची घालमेल सुरू झाली. कामणहून दिवसातून अनेकदा फोन करायचे. गोळी घेतली? घेतली. चप्पल घातली? घातली बाय, घातली. ती "घातली" इतक्या लगेच म्हणायची की मला तो ठेक्यातला "हां" आठवायचा. मी टेबलावरून उठून ट्रकांच्या मधून फेऱ्या मारायचे. साहेबांना वाटलं मी नस मोकळी करते आहे. माझा पाय खरंच सुधारत होता आणि त्याचा मला राग येत होता. ज्या पायाने माझी सगळी भीती खाल्ली तो फुकटात बरा होत होता, आणि जो कधी कुणाला बोलला नाही तो जायच्या वाटेवर होता.

एका सकाळी राहवलं नाही. कामाला जायचं सोडून चंदनसारच्या घरून निघाले ती रेल्वेचा पूल ओलांडून थेट अर्नाळा. घरात आई नव्हती. मागे गेले तर बाई खळ्यावर, पट्टी बांधलेल्या पायाने, अनवाणी. हातात खराटा.

मी काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. पाय कापून टाकतील, म्हणाले. लंगडी हो आणि बस, म्हणाले. तुला मरायचंच असेल तर सांग, असंही तोंडातून गेलं. आई ऐकून घेत होती. मग ती कडेच्या ओट्यावर बसली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "मी नाय आले तर त्या कोनाला इचारतील?"

"पण तुला तरी कुठे कळतं तापलंय की नाही!"

"ठावं हाय मना," आई म्हणाली. "तीन-चार वरसं झाली."

तिने हनुवटीने खळ्याच्या पलीकडे दाखवलं. उलटी घातलेली एक जुनी होडी तिथे आहे, आणि तिच्या सावलीत गावातलं एक तांबडं कुत्रं पाय ताणून पडलं होतं.

"यो सकाली खल्यावर निजतो. गार असतं तंवर हलत नाय. कोबा तापला का उठतो आन् होडीखाली जातो. तो उठला का मी पाय टेकवते आन् टाका म्हनते."

मला आधी अर्थच लागेना. मग लागला. सगळा कोळीवाडा माझ्या आईच्या तळव्याकडे बघत होता आणि माझी आई कुत्र्याकडे.

"आन् त्या दिशी," ती पुढे म्हणाली, "मेला पाटलाच्या आलीतल्या कुत्रीमागं पलाला. गार खल्यावरून उठून पलाला! मना वाटलं तापलं." तिने हातातला खराटा खाली ठेवला. "सगल्यांचा जवला गेला बाय. कोन बी मना काय नाय बोललं. दवाला शिव्या घातल्या."

तेव्हा ती रडली. वडील गेले तेव्हाही मी तिला इतकं रडताना पाहिलं नव्हतं. मला त्या कुत्र्याचं हसू येत होतं. मी तिच्या शेजारी बसले. तिची पट्टी भिजली होती, ती सोडली, कोरडी बांधली. सांगून टाक, मी म्हणाले. मावशीला तरी सांग. तिने मान हलवली, पण ती होची होती की नाहीची, ते कळलं नाही.

जखम भरायला होळी उलटली. तोवर मी तिच्यासाठी चप्पल आणली, मऊ तळाची, मागे पट्टा असलेली. ही रस्त्यावर जाणार नाही, फक्त खळ्यावर, असं ठरलं. तरी ती धजेना. शेवटी तिनेच तोडगा काढला. चप्पल धुतली, देव्हाऱ्याखाली ठेवली, तिला हळदकुंकू लावलं. "आता ती पायतान नाय," म्हणाली. मी वाद घातला नाही. देव चालवून घेत असेल तर डॉक्टरला काय हरकत?

ती पुन्हा खळ्यावर गेली तो रविवार होता, म्हणून मी होते. ऊन कोवळं राहिलं नव्हतं. बायांच्या टोपल्या भरलेल्या. आई हळदीचे डाग पडलेली ती पिवळी चप्पल घालून खळ्याच्या कडेला आली आणि तिथेच थांबली. सगळ्यांनी चपलेकडे पाहिलं. मावशीने सवयीने हाक मारली, "तापलं काय गो?"

तांबडं कुत्रं होडीखाली गेलं होतं. आईला ते दिसत होतं. ती "टाका" म्हणू शकली असती, आणि त्या दिवशी ते बरोबरही ठरलं असतं.

"मना नाय कलत गो," आई मोठ्याने म्हणाली. "माजं पाय मेलं. हिला इचारा."

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी, जी जन्मभर या खळ्यावरून पळाले, तिने चपला काढल्या. वाकून कोब्याला हात लावला, कपाळाला लावला आणि उजवा पाय ठेवला. मग डावा. तापलं होतं, चांगलंच तापलं होतं. "टाका," मी म्हणाले. टोपल्या उपड्या झाल्या, जवळ्याचा वास उठला. माझं काम झालं होतं, पण मी उतरले नाही. आई इथे कशी उभी राहत होती ते मला एकदा बघायचं होतं. तळव्यातून आग वर चढत होती, डोळ्यांत पाणी आलं, तरी मी हट्टाने उभी.

"अगो पाय उचल!" आई कडेवरून ओरडली. "भाजशील येडे! उचल पाय, उचल!"

ती चप्पल घालून खळ्यावर धावत आली आणि दंडाला धरून तिने मला सावलीत ओढलं. मला खाली बसवून माझे दोन्ही तळवे तिने मांडीवर घेतले, लाल झाले होते ते बघितले, त्यांच्यावर गार पाणी ओतत राहिली. मला शिव्या देत होती. मी ऐकत होते. त्या खळ्यावर तिला असं कधी कुणी ओरडलं नव्हतं, आम्ही सगळे शाब्बास म्हणत होतो.